४२६, ५३५ की ६००? रेक्यानेसच्या विहिरीच्या तळाशी नक्की किती गरम आहे

जानेवारी २०१७ मध्ये आइसलँडच्या नैऋत्य टोकाला, रेक्यानेसला, एक विहीर ४,६५९ मीटरवर थांबवली आणि जगभर एक आकडा फिरला, तळाशी ४२६ अंश सेल्सिअस. आजही अतितप्त भूऔष्णिक साठ्यांबद्दल काही वाचायला घेतलं की हा आकडा येतोच. आकडा खरा आहे, यंत्राने मोजलेला आहे, त्यात खोट काही नाही, फक्त तो खडकाचं तापमान नाही. जवळजवळ पाच महिने थंड पाण्याचा मारा खाऊन गारठलेली विहीर सहा दिवस तापू दिल्यावर जिथवर पोचली, तिथला तो आकडा आहे. त्याच विहिरीच्या तळासाठी पुढे ५३५ आला, ६०० पण आला, आणि तिन्ही आकडे काढणारी माणसं जाणकार आहेत, कुणी हवेत बाण मारलेला नाही. मग एकाच भोकाच्या तळाला तीन तापमानं कशी, आणि आपण कुठलं धरायचं? हे प्रकरण मी एवढ्यासाठीच लिहायला घेतलंय, कारण इतक्या गरम जागी मोजणं म्हणजे काय हे या एका विहिरीत जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

आधी जागा समजून घेऊ. अटलांटिक महासागराच्या मधोमध जी डोंगररांग पाण्याखालून जाते, जिथे दोन प्लेट एकमेकींपासून लांब जातायत, ती रेक्यानेसला समुद्रातून वर येते आणि जमिनीवर चढते. म्हणजे समुद्रतळावर जे काळ्या धुराचे झरे दिसतात त्यांची मुळं इथे जमिनीवरून ड्रिल करून गाठता येतील अशी शक्यता. खालचा खडक बेसाल्टच, आपल्या सह्याद्रीचा असतो तोच प्रकार, आणि खोल गेलं की डाइकला (भेगेत मॅग्मा शिरून गोठलेल्या दगडी भिंतीला) डाइक चिकटून उभे असलेले. पाणी मात्र समुद्राचं, खडकातल्या भेगांमधून आत शिरलेलं आणि तापलेलं. तिथे एचएस ओर्का कंपनीचं वीजकेंद्र २००६ पासून चालू आहे आणि त्याच्या नेहमीच्या विहिरी दोन-तीन किलोमीटर खोल, तापमान ३०० अंशांच्या आसपास.

आइसलँड डीप ड्रिलिंग प्रोजेक्ट, म्हणजे आयडीडीपी, २००० साली सुरू झाला तो एका सरळ हिशोबावर. साधं पाणी ३७४ अंश आणि २२१ बारच्या वर गेलं की ते ना पाणी राहतं ना वाफ, समुद्राच्या खारटपणाच्या पाण्याला हीच हद्द ४०६ अंश आणि २९८ बारला येते. या हद्दीपलीकडचं पाणी पातळ, पटकन वाहणारं आणि भरपूर उष्णता घेऊन येणारं असतं, आणि तशा विहिरीतून नेहमीच्या विहिरीच्या दहापट वीज निघू शकेल असा अंदाज या लोकांनी मांडला होता. तेव्हा तळाशी ४०६ च्या वर आहे का खाली, हा प्रश्न नुसता अभ्यासातला नाही. त्याच्यावर सगळा खर्च उभा आहे.

रेक्यानेसला पहिली निवडलेली विहीर आरएन-१७ होती, ती २००५ मध्ये चाचणीच्या वेळीच आतून ढासळली. मग क्राफ्लाला, देशाच्या ईशान्येला, आयडीडीपी-१ घेतली, ती २००९ मध्ये मॅग्मात शिरली (त्याबद्दल खाली लिहिलंय). शेवटी रेक्यानेसला परत येऊन आरएन-१५ ही २,५०० मीटरची जुनी विहीर घेतली आणि ११ ऑगस्ट २०१६ ला तीच पुढे खोल करायला लागले. हीच आयडीडीपी-२.

आंधळं ड्रिलिंग

ड्रिलिंग करताना खाली काय चाललंय हे कळायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे परत वर येणारा चुरा. पाणी किंवा मड (मातीचा पातळ काला) पाइपमधून खाली सोडायचं, ते टोकाच्या बिटमधून, म्हणजे खडक फोडणाऱ्या हत्यारातून, बाहेर पडतं, चुरा उचलतं आणि पाइपच्या बाहेरून वर येतं. भूवैज्ञानिक दर दोन-चार मीटरला तो चुरा धुतो, भिंगाखाली धरतो आणि सांगतो की आता एपिडोट दिसायला लागलं म्हणजे अडीचशे अंशांच्या आसपास आलो, आता अॅक्टिनोलाइट आलं म्हणजे अजून वर. खनिजं म्हणजे या धंद्यातले जुने आणि भरवशाचे तापमापक.

आयडीडीपी-२ मध्ये ३,०६० मीटरच्या आसपास सगळं पाणी भेगांमध्ये जायला लागलं. वर काहीच येईना. सिमेंट ओतून भेगा बुजवायचा प्रयत्न बारा वेळा केला, जमलं नाही, आणि मग त्यांनी ठरवलं की असंच पुढे जायचं, चुरा न बघता. विहिरीचा शेवटचा दीड किलोमीटर हा असा आंधळा आहे! लॉगिंगवाल्याला, म्हणजे विहिरीत यंत्र सोडून खोलीप्रमाणे मोजमापांची नोंद (लॉग) घेणाऱ्याला, विचारलं तर तो सांगेल की याहून वाईट काही नाही, कारण नंतर जे काही मोजाल ते कुठल्या खडकात मोजताय याचा पुरावाच हातात नाही.

पण याची दुसरी बाजू चांगली आहे. पाणी जातंय म्हणजे भेगा आहेत. इतक्या खोल आणि इतक्या गरम खडकात भेगा उघड्या राहत नाहीत, खडक मऊ पडून त्या मिटतात, असं बऱ्याच जणांचं मत होतं. इथे ४,५०० मीटरच्या जवळसुद्धा पाणी गिळणारी जागा सापडली. मला विचाराल तर या विहिरीचा सगळ्यात मोठा शोध हाच आहे, तापमानापेक्षाही मोठा.

चुरा नाही, म्हणून कोअरवर, म्हणजे अखंड कापून वर काढलेल्या खडकाच्या दांड्यावर, सगळी भिस्त. गरम खडकासाठी आयडीडीपीने वेगळं कोअर बॅरल बनवून घेतलं होतं, ज्यात कोअर काढतानाही भरपूर थंड पाणी फिरत राहतं. तेरा वेळा कोअर काढायला गेले आणि सगळं मिळून हाताला लागला २७.३ मीटर. साडेचार किलोमीटरच्या विहिरीतून सत्तावीस मीटर खडक. थोडा आहे, पण ६०० या आकड्याला आणि ५३५ च्या एका मोठ्या भागाला आधार याच सत्तावीस मीटरचा.

थर्मामीटर खाली सोडायला काय अडचण?

भरपूर अडचण आहे. लोकांना वाटतं की ४२६ अंश मोजायचं म्हणजे काय विशेष, भट्टीत तर हजार-बाराशे अंश रोज मोजतात. भट्टीत तार आत जाते आणि मीटर बाहेर असतो. इथे मीटरसकट सगळं आत जातं, ३४० बार दाबाखाली, खाऱ्या आणि गंजवणाऱ्या पाण्यात, साडेचार किलोमीटर खाली.

पहिली अडचण इलेक्ट्रॉनिक्सची. सिलिकॉनच्या सर्किटमध्ये तापमान साधारण दर दहा अंश वाढलं की गळती करंट दुप्पट होतो, त्यामुळे तेल-गॅसवाल्यांची नेहमीची लॉगिंग टूल्स १५०-१७५ अंशांना हात टेकतात. सिलिकॉनखाली इन्सुलेटरचा थर देऊन बनवलेल्या खास चिप अजून शंभरएक अंश वर जातात. त्यापुढे सिलिकॉन कार्बाइड वगैरे आहे, पण प्रयोगशाळेत चालणारी चिप आणि बाजारात मिळणारं पूर्ण टूल यात फार अंतर आहे.

दुसरी अडचण केबलची. वर माहिती पाठवायला वायरलाइन लागते, तारेवरचं टेफ्लॉनसारखं आवरण अडीचशेच्या पुढे मऊ पडायला लागतं, आणि ३२७ ला तर टेफ्लॉन वितळतंच. म्हणून एवढ्या गरम विहिरीत आत कंडक्टर नसलेली नुसती स्टीलची तार, स्लिकलाइन, वापरायची आणि टूलने वाचलेलं सगळं स्वतःच्या मेमरीत ठेवायचं. म्हणजे टूल वर येईपर्यंत वरच्या माणसाला काहीही कळत नाही, आत नीट चाललंय की कधीच जळून गेलंय.

तिसरा प्रश्न वेळेचा. सर्किट वाचवायला ते ड्यूअर फ्लास्कमध्ये घालतात, म्हणजे दुहेरी भिंत आणि मधे निर्वात, आपला चहाचा थर्मासच, फक्त उलटा वापरलेला, थंडावा आत राखायला. आत धातूचा एक ठोकळा असतो तो हळूहळू उष्णता पितो. पण थर्मासमधला चहा जसा कधीतरी निवतोच तसं हे पण कधीतरी तापणारच, काही तासांची मुदत असते, आणि सर्किट स्वतःही थोडी उष्णता सोडतच असतं. आता गणित करून बघा. तार मिनिटाला ३० मीटर सोडली तर ४,५०० मीटर जायला अडीच तास, यायला अडीच तास. पाच तास नुसत्या प्रवासात, आणि तळाशी थांबून सेन्सर स्थिर होऊ द्यायला उरतं ते किती? वेगाने सोडावी तर अरुंद जागी टूल अडकायची भीती, आणि अडकलं की विहिरीत कायमचं.

चौथी गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे सील. ओ-रिंग रबराची असते, आणि एवढ्या तापमानाला कुठलंही रबर टिकत नाही. धातूवर धातू दाबून सील करावं लागतं. त्यात सूक्ष्म गळती झाली तरी ३४० बारचं पाणी आत घुसून फ्लास्कचं काम संपवतं.

युरोपात २००७ च्या सुमाराला हिटी नावाचा एक मोठा प्रकल्प याच कामासाठी झाला. ३०० अंशांपर्यंत फ्लास्कशिवाय चालतील अशी टूल्स, विहिरीच्या भिंतीचं ध्वनिलहरींनी चित्र काढणारा टेलिव्ह्यूअर, ऑप्टिकल फायबरने पूर्ण विहिरीभर एकाच वेळी तापमान वाचणं, उच्च तापमानाला न मोडणारे ट्रेसर (पाणी कुठून कुठे जातं हे कळायला त्यात मिसळायची रसायनं), पाण्यातल्या सोडियम-लिथियमच्या प्रमाणावरून तापमान काढणं, असं बरंच काही त्यात होतं आणि क्राफ्लाच्या विहिरींमध्ये काही टूल्स उतरवूनही बघितली. त्यातलं फायबरचं तंत्र मला फार आवडतं. प्रकाशाचा पल्स सोडायचा, काचेतून परत उडालेल्या रामन विखुरणाच्या दोन घटकांचं प्रमाण बघायचं, त्या प्रमाणातून त्या त्या जागेचं तापमान निघतं, खाली कुठलंच सर्किट नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात दाखवलेला परिणाम आज आइसलँडच्या विहिरींत थर्मामीटर म्हणून वापरतात! त्यातही त्रास आहेच, फायबरवरचं पॉलिइमाइडचं आवरण ३०० च्या आसपास दम टाकतं आणि हायड्रोजन काचेत शिरून ती काळपट करतो, मग सिग्नल पडतो.

३ जानेवारीचा लॉग

आता मूळ गोष्टीकडे. ड्रिलिंग चालू असताना विहिरीत सतत थंड पाणी जात होतं, बिट आणि बाकी हत्यारं वाचवायची तर दुसरा उपायच नव्हता. डिसेंबरअखेर पाणी थांबवून विहीर तापू दिली, सहा दिवस, आणि ३ जानेवारी २०१७ ला तापमान-दाबाचा लॉग घेतला. तळाजवळ ४२६ अंश, ३४० बार. दोन्ही आकडे खाऱ्या पाण्याच्या हद्दीच्या वर, म्हणजे उद्दिष्ट गाठलं, जाहीर करायला हरकत नाही, आणि त्यांनी केलंही.

पण लॉगची रेघ नीट बघितली की खरी गोष्ट कळते. ती तळापर्यंत सरळ चढत जात नाही. ३,४०० मीटरच्या आसपास, जिथे सगळ्यात जास्त पाणी भेगांनी गिळलं होतं, तिथे रेघ मागे राहिलेली, त्याखाली ४,२०० आणि ४,३७५ च्या जवळ अजून अशाच जागा, आणि मग शेवटच्या टप्प्यात चढ. जिथे जास्त पाणी गेलं तिथला खडक जास्त आतपर्यंत गार झाला, त्यामुळे तो सहा दिवसांत उठून बसू शकत नाही. तळाशी पाणी कमी गेलं होतं म्हणून तिथे तापणं लवकर झालं. म्हणजे ही रेघ खडकाचं तापमान कमी आणि थंड पाण्याने कुठे किती नुकसान केलं हे जास्त दाखवते. माझ्या मते या लॉगचा खरा उपयोग भेगा कुठे आहेत हे कळायला जास्त झाला.

मग खडकाचं मूळ तापमान कसं काढायचं? यासाठी जुनी पद्धत आहे, हॉर्नर प्लॉट. मुळात ती तेलविहिरीत दाब मोजण्यासाठी वापरात आली, मग तापमानालाही लावली. कल्पना साधी आहे, पाणी फिरवणं किती वेळ चाललं आणि थांबवून किती वेळ झाला या दोन वेळांचं एक गुणोत्तर घ्यायचं, त्याच्या लॉगॅरिथमसमोर वेगवेगळ्या वेळी मोजलेली तापमानं मांडायची, बिंदू एका सरळ रेषेत आले तर ती रेषा पुढे वाढवून अनंत वेळ थांबलो तर काय दिसलं असतं ते वाचायचं. सहा दिवसांच्या मोजमापांवरून अनंत काळाचं उत्तर.

यात गृहीत असं धरलंय की उष्णता फक्त खडकातून वहनाने येते. इथे तसं नाही, भेगांमधून पाणी इकडून तिकडे जातंय, एका फटीतून आत येतंय, दुसरीतून बाहेर, त्यामुळे प्रत्येक खोलीचा तापायचा वेग निराळा. शिवाय अनेक महिने थंड पाणी गेल्यावर 'फिरवण्याचा काळ' नक्की किती धरायचा हा पण प्रश्नच, कारण तळाचा खडक शेवटी उघडा पडला, वरचा आधी. म्हणून आयडीडीपीच्या लोकांनी एकट्या हॉर्नरवर विश्वास ठेवला नाही. तापण्याचा वेग, वायरलाइन लॉगमधली बाकी मोजमापं एकत्र बसवून केलेलं गणित, आणि कोअरमधल्या बदललेल्या खनिजांचे गट, हे सगळं मिळून त्यांनी तळाचा आकडा सुमारे ५३५ दिला. दुसरा आकडा तो हा.

दगड काय म्हणतो

आता कोअर हातात घ्या. डोलेराइट, म्हणजे डाइकचा खडक, काळपट, जड, आपल्याकडे नंदुरबार-धुळ्याकडचे डाइक ज्यांनी बघितलेत त्यांना हा दगड परका वाटणार नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं सगळं बदललेलं आहे. वरच्या कोअरमध्ये क्लोराइट-एपिडोट, खाली गेलं की हॉर्नब्लेंड, आणि शेवटच्या कोअरमध्ये गरम पाण्याने नव्याने वाढवलेलं बायोटाइट, प्लॅजिओक्लेज, पायरॉक्सिन, आणि मधूनमधून फिकट रंगाच्या बारीक शिरा. ही खनिजं ३०० अंशांना होत नाहीत, ४०० च्या बऱ्याच वर लागतं. हॉर्नब्लेंड आणि प्लॅजिओक्लेज शेजारी शेजारी बसलेले असतील तर दोघांमधल्या घटकांच्या वाटपावरून तापमान काढता येतं, पायरॉक्सिनची जोडी असेल तर तिच्यावरूनही.

मग येतात फ्लुइड इन्क्लूजन. खनिज वाढताना किंवा त्यातली भेग भरून येताना आजूबाजूच्या पाण्याचा एक थेंब आत अडकतो, काही मायक्रॉनचा. वर आणल्यावर थंड होऊन त्या थेंबात एक बुडबुडा दिसतो, कधी मिठाचा चौकोनी खडा पण दिसतो. त्या दगडाची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखालच्या छोट्या भट्टीत तापवायची आणि बघत बसायचं, कुठल्या अंशाला बुडबुडा नाहीसा होतो, कुठल्या अंशाला खडा विरघळतो. बुडबुडा गेला ते तापमान म्हणजे कमीत कमी तापमान, दाबाची दुरुस्ती लावली की वरचं मिळतं, आणि खारं पाणी आणि वाफ एकमेकांपासून वेगळे होत असतानाच दोन्ही अडकले असतील तर ही दुरुस्ती लागतच नाही. हे काम शांतपणे करणारी माणसं लागतात, एकेका चकतीत डझनावारी थेंब मोजायचे, गळके थेंब ओळखून बाजूला काढायचे. आयडीडीपी-२ च्या कोअरवर हे काम झालं आणि तिथल्या पाण्याचं तापमान ६०० च्या घरात असल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. तिसरा आकडा.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. दगड सांगतो ते कधीचं? तो थेंब काल अडकला की दहा हजार वर्षांपूर्वी? बायोटाइट तयार झालं तेव्हा ६०० असेल, त्यानंतर जागा निवली असेल, खनिज तसंच राहिलं. रेक्यानेससारख्या जागी डाइक घुसतात, तापवतात, मग पाणी येऊन निववतं, हे चक्र चालूच असतं. म्हणजे लॉग सांगतो आजचं, पण बिघडवलेलं, आणि दगड सांगतो न बिघडलेलं, पण तारीख नसलेलं. या दोघांची सांगड घालणं म्हणजेच या विषयातलं खरं काम.

दुसऱ्या तीन जागा, कारण त्यांच्याशिवाय हे पटत नाही

जपानमध्ये इवाते प्रांतात काक्कोंडाला नेडो या सरकारी ऊर्जा संस्थेने १९९४-९५ च्या सुमाराला डब्ल्यूडी-१ए ही विहीर ३,७२९ मीटर खोल नेली. तळाशी यंत्र टिकणार नाही हे माहीत होतं, म्हणून त्यांनी ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थांच्या गोळ्या खाली सोडल्या. वर काढून बघायचं, कुठली वितळली, कुठली नाही, तापमान त्या दोघांच्या मधे. ५०० अंशांच्या वर निघालं. किती सुंदर पद्धत आहे ही, बॅटरी नाही, मेमरी नाही, बिघडायला काही नाही. तिथे सुमारे ३,१०० मीटरखाली, ३८० अंशांनंतर, खडकातलं पाण्याचं फिरणं थांबून नुसतं वहन सुरू झालेलं दिसलं, म्हणजे भेगा मिटल्या. रेक्यानेसला त्याच्या बरोबर उलट, आणि म्हणूनच वर म्हटलं की ४,५०० मीटरला पाणी गिळणारी जागा सापडणं ही मोठी गोष्ट आहे. जागा बदलली, ग्रॅनाइटऐवजी बेसाल्ट आला, की नियम बदलतो.

इटलीत लार्देरेल्लोला, जिथे १९०४ मध्ये पहिल्यांदा भूऔष्णिक वाफेवर दिवे लावले, तिथे २०१७ मध्ये वेनेल्ले-२ विहीर २.९ किलोमीटरपर्यंत खोल केली. डिस्क्रॅम्बल नावाचा प्रकल्प, एनेल ग्रीन पॉवर पुढे होती. नॉर्वेच्या सिंटेफने ४५० अंशांपर्यंत काही तास टिकेल असं फ्लास्कवालं टूल खास यासाठी बनवलं. आणि त्याच्या जोडीला कृत्रिम फ्लुइड इन्क्लूजन वापरले, हा प्रकार मला सगळ्यात हुशारीचा वाटतो. क्वार्ट्झचा स्फटिक घ्यायचा, त्याला बारीक तडे द्यायचे, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) माहीत असलेल्या द्रवात ठेवून ते तडे भरून घ्यायचे, म्हणजे आपण स्वतः थेंब अडकवले. हा स्फटिक धातूच्या डबीत विहिरीच्या तळाशी ठेवायचा. तिथे थेंब नव्या तापमान-दाबाशी जुळवून घेतात. वर काढून मोजायचं. ५०० च्या वर आलं. आता यात तारखेचा प्रश्नच मिटला, कारण थेंब कधी अडकला ते आपल्याला माहीत आहे.

तिसरी क्राफ्ला. आयडीडीपी-१ चार किलोमीटरच्या पुढे न्यायची होती, जून २००९ मध्ये २,१०० मीटरवरच पाइप पुन्हा पुन्हा अडकायला लागला, आणि मग चुऱ्यात काचेचे ताजे तुकडे वर आले. रायोलाइट मॅग्मा, सुमारे ९०० अंश, थंड पाण्याने जागच्या जागी गोठलेला. ते तापमान कुठल्याही थर्मामीटरने मोजलेलं नाही, काचेतल्या आणि तिच्यातल्या स्फटिकांच्या रसायनावरून काढलंय. जमिनीवरून केलेल्या विद्युतरोधाच्या सर्वेक्षणात हा मॅग्मा तिथे दिसला नव्हता, नाहीतर कुणी तिथे ड्रिल लावलाच नसता. नंतर त्या विहिरीतून तोंडाशी ४५० अंशांची वाफ निघाली, २०१२ पर्यंत चाचण्या चालल्या, वाफेत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सिलिका, व्हॉल्व्ह निकामी झाले, विहीर थंड पाण्याने विझवावी लागली आणि त्यात केसिंग, म्हणजे विहिरीच्या आत बसवलेला स्टीलचा पाइप, फाटलं.

आपल्याकडे याच सुमाराला, २०१६-१७ मध्ये, कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी सुमारे तीन किलोमीटरची पायलट बोअर घेतली, वरचा सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि खाली ग्रॅनाइट. तिथला खडक रेक्यानेसच्या मानाने गारच, नेहमीची लॉगिंग टूल्स चालतात, त्यामुळे खोली सारखी असली तरी अडचणींचं स्वरूप अगदी निराळं. कोकणातली उन्हाळी, तुरळ-राजवाडी वगैरे, त्यांच्याशी या प्रकाराची तुलना करू नये, ते पाणी उकळीच्याही खाली असतं.

मग कुठला आकडा धरायचा

माझं मत सांगतो. ४२६ ही खालची हद्द, यात वाद नाही, त्याच्या खाली नक्की नाही. ६०० हे त्या खडकाने कधीतरी बघितलेलं तापमान, आणि कोअर तळाजवळचा असल्यामुळे ते फार जुनं नसावं असं मानायला जागा आहे, पण आजचं तेच आहे असं म्हणायला मी धजणार नाही. ५३५ मधे बसतो आणि तो तीन वेगळ्या पद्धती एकत्र करून आलाय, म्हणून आज कुणी मला विचारलं तर मी ५३५ सांगेन आणि त्याच्याबरोबर कमीजास्त पन्नासेक अंश धरा असंही सांगेन. ४२६ पाठ्यपुस्तकात 'रेक्यानेसच्या तळाचं तापमान' म्हणून छापलं जातंय ते मात्र थांबायला हवं, त्याच्या पुढे 'सहा दिवस तापल्यावर' एवढे तीन शब्द लिहायला काय हरकत आहे?

सरळ उपाय होता, विहीर सहा महिने, वर्षभर तापू द्यायची आणि परत लॉग घ्यायचा. ते झालं नाही कारण केसिंग गेलं. ड्रिलिंग संपल्यावर २,३०० ते २,४०० मीटरच्या दरम्यान केसिंगला इजा झाल्याचं लक्षात आलं, आणि तिथून मोठी टूल्स खाली नेणं अवघड होऊन बसलं. याचं कारण समजून घ्या, कारण सगळ्या गरम विहिरींचा हा मूळ रोग आहे. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतं. तीन किलोमीटर केसिंग ३०० अंशांनी तापलं तर मोकळं असतं तर सुमारे ११ मीटर लांबलं असतं. पण ते बाहेरून सिमेंटने धरलेलं आहे, लांबू शकत नाही, म्हणून स्वतःमध्येच दाबलं जाऊन कायमचं आखूड होतं. मग थंड पाणी सोडलं की आकसायला बघतं, आता ते आखूडच झालेलं असतं म्हणून ताण येतो, आणि सगळ्यात कमजोर जागी, कपलिंगला (दोन पाइपांच्या जोडाला), सुटतं. तापवा-निववा जितक्या वेळा कराल तितका धोका. म्हणजे टूल वाचवायला विहीर गार करायची, तापमान कळायला ती तापू द्यायची, आणि प्रत्येक फेरीत केसिंगचं आयुष्य कमी करायचं. आइसलँडच्याच इसोर संस्थेने यासाठी सरकणारं कपलिंग बनवलंय, पाइप लांबला की कपलिंगमधली फट भरून काढते, आणि युरोपच्या जिओवेल प्रकल्पात त्यावर काम झालं.

पुढच्या अशा विहिरीचं बजेट कुणी मला दाखवलं तर मी आधी टूलवरचा खर्च बघणार नाही, केसिंगचा बघेन, त्यात हे सरकणारं कपलिंग धरलंय का ते. मग फायबर केसिंगच्या बाहेर सिमेंटमध्येच गाडून ठेवलाय का, तशी केबल रेक्यानेसच्याच आरएन-३४ मध्ये २०१५ ला बसवून झालेली आहे, तेव्हा जमत नाही असं कुणी म्हणू नये. त्यानंतर क्वार्ट्झच्या डब्या, त्या तर स्वस्त आहेत, दोन-तीन खोलींवर दोन-तीन ठेवून द्याव्यात, काही महिन्यांनी निघाल्या तर उत्तमच आणि एखादी अडकून राहिली तर फार नुकसान नाही. आणि शेवटी ड्रिलिंगच्या वेळापत्रकात तापू देण्याचे दिवस वेगळे काढून ठेवलेले असावेत, रिगचं रोजचं भाडं डोळ्यासमोर नाचत असताना सहाचे दहा दिवस करायला कुणीही तयार होत नाही.